ईम : प्लेगच्या गावाची कथा आणि गावातील खुणा – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात ईम हे एक लहानसे गाव आहे. इंग्रजी लेखनातील अक्षरांवरून 'एयम' असे वाचले जाणारे हे नाव स्थानिक उच्चारात 'ईम' असे आहे. शिशाच्या खाणी, मेंढपाळी आणि थोडीफार शेती यांवर जगणाऱ्या या गावाला इतिहासात स्थान मिळाले ते १६६५-६६ मधील प्लेगमुळे. साथ आसपासच्या गावांत पसरू नये म्हणून ईमच्या गावकऱ्यांनी स्वतःहून गावाची शीव बंद करून घेतली, बाहेर पडण्याचा मार्ग असूनही ते आत राहिले आणि मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले, अशी ही कथा सांगितली जाते. काव्य, नाटक, कादंबरी, शालेय वाचन आणि पर्यटन या सर्व माध्यमांतून ती गेली सुमारे तीन शतके पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत जगभर टाळेबंदी लागू झाली तेव्हाही ईमचे उदाहरण अनेक ठिकाणी दिले गेले.

इतक्या वेळा सांगितली गेलेली कथा चिकित्सेवाचून स्वीकारली जाण्याचा संभव अधिक असतो. प्रस्तुत लेखात ईमच्या त्यागकथेची घडण, तिची साधने आणि गावात आज दाखविल्या जाणाऱ्या ऐतिहासिक खुणा यांचा परस्परसंबंध तपासला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, लिखित परंपरेने एका धर्मगुरूच्या निर्णयाला कथेचे केंद्र बनविले. गावातील खुणा मात्र बारकाईने पाहिल्या तर या घटनेचा भार कोणी वाहिला याचे वेगळे आणि अधिक खरे उत्तर देतात. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. साथीच्या काळात एखाद्या समूहाकडून त्यागाची अपेक्षा केली जाते तेव्हा त्या समूहाची संमती कशी गृहीत धरली जाते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

घटनेची रूपरेषा :

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ सुरू होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून कापडाचा एक गठ्ठा ईममधील अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याच्या घरी आला. दमट झालेले कापड जॉर्ज व्हिकर्स या त्याच्या सहायकाने शेकोटीपुढे वाळत घातले आणि काही दिवसांतच तो आजारी पडून दगावला, असे परंपरा सांगते. ७ सप्टेंबर १६६५ रोजी व्हिकर्सच्या दफनाची नोंद झाली. त्यानंतर त्याच घरातील आणि शेजारच्या घरांतील माणसे मरू लागली. हिवाळ्यात साथीचा जोर ओसरला. १६६६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली आणि ऑगस्टमध्ये मृत्यूंची संख्या सर्वाधिक झाली. १६६६ च्या नोव्हेंबरच्या आरंभी साथीचा शेवटचा बळी नोंदला गेला.

या काळात विल्यम मॉम्पेसन हे गावाचे रेक्टर होते. ते १६६४ मध्ये नेमणुकीवर आलेले, तिशीही न ओलांडलेले धर्मगुरू होते. गावात आणखी एक धर्मगुरू राहत होते, ते म्हणजे टॉमस स्टॅन्ली. ते प्युरिटन पंथाचे होते. राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर त्यांना पद सोडावे लागले होते आणि १६६२ चा एकरूपता कायदा मान्य नसल्याने ते अधिकृत चर्चच्या बाहेर राहिले होते. परंतु गावातील बऱ्याच लोकांची निष्ठा त्यांच्याकडेच होती. जून १६६६ मध्ये या दोघांनी मतभेद बाजूला ठेवून गावापुढे तीन उपाय मांडले. मृतांचे दफन चर्चच्या आवारात न करता घरच्यांनीच जवळच्या शेतात वा बागेत करावे. चर्च बंद ठेवून प्रार्थना कक्लेट डेल्फ या दरीत उघड्यावर घ्याव्यात. आणि गावाची शीव कोणी ओलांडू नये. चॅट्सवर्थ येथील अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनी अन्नधान्याचा पुरवठा केला. शिवेवरच्या दगडांपाशी जिन्नस ठेवले जात आणि त्यांचा मोबदला व्हिनेगरमध्ये बुडविलेल्या नाण्यांनी दिला जाई.

ही रूपरेषा सर्वमान्य आहे. तथापि गावबंदीचा निर्णय झाला तेव्हा पहिल्या मृत्यूला नऊ महिने उलटून गेले होते आणि सत्तरहून अधिक माणसे दगावली होती, हे कथाकथनात बहुधा मागे पडते. रूढ कथेत गाव एका क्षणी एकमुखाने निश्चय करते. प्रत्यक्षात भीती, आशा, हिवाळ्यातील दिलासा आणि पुन्हा आलेली लाट अशा दीर्घ अवस्थांमधून गेलेल्या माणसांपुढे तो निर्णय आला होता.

साधनांचा विचार :

ईमच्या घटनेची समकालीन साधने थोडी आहेत. पहिले साधन म्हणजे चर्चची दफननोंदवही. आज उपलब्ध असलेली नोंदवही ही मूळ नोंदींची नंतर केलेली प्रत आहे, आणि त्यामुळे तिच्यातील तपशील सावधपणे वापरावा लागतो. दुसरे साधन म्हणजे मॉम्पेसन यांची १६६६ मधील तीन पत्रे. पहिले ऑगस्टच्या अखेरीस आपल्या मुलांना लिहिलेले आहे. पत्नी कॅथरीन हिचा २५ ऑगस्ट रोजी मृत्यू झाल्यानंतरचे ते पत्र आहे. दुसरे आश्रयदाते सर जॉर्ज सॅव्हिल यांना, तर तिसरे साथ संपल्यावर नोव्हेंबरमध्ये जॉन बिल्बी यांना लिहिलेले आहे. या शेवटच्या पत्रात ७६ कुटुंबांत साथ शिरली आणि २५९ माणसे मरण पावली, असा हिशेब येतो. या पत्रांत पतीचा आणि पित्याचा शोक आहे, मरणाच्या छायेत केलेली निरवानिरव आहे. गावबंदीची सविस्तर हकिगत सांगणे हा त्यांचा हेतू नाही. म्हणजेच ज्या प्रसंगामुळे ईम प्रसिद्ध आहे तो प्रसंग, त्यातील संवाद आणि गावकऱ्यांची प्रतिज्ञा यांचे तपशील मुख्यतः तिसऱ्या साधनातून, लोकस्मृतीतून आलेले आहेत.

लोकस्मृती हे दुय्यम साधन मानून सोडून देणे योग्य नाही. पण ती कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रयोजनासाठी लिहून काढली हे पाहणे आवश्यक ठरते. मृतांच्या प्रमाणाचा प्रश्न या दृष्टीने बोलका आहे. परंपरेनुसार गावाची लोकसंख्या ३५० होती आणि त्यांपैकी सुमारे २६० माणसे मेली. म्हणजे चारांपैकी तिघे. चुलींवरील कराच्या नोंदी आणि दफननोंदवही यांच्या आधारे लोकसंख्येचा फेरविचार करणारे अभ्यासक ती ७०० ते ८०० च्या आसपास असावी असे मानतात. हा अंदाज स्वीकारला तर मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. एक तृतीयांश गाव नष्ट होणे हीदेखील भयंकर आपत्ती आहे. तिच्या गांभीर्याला त्यामुळे बाध येत नाही. मात्र दोन्ही आकड्यांतून दोन वेगळ्या कथा तयार होतात. चारांपैकी तिघे मेले असे म्हटले की गाव हुतात्मा ठरते आणि कथा तेथे संपते. तिघांपैकी दोघे जगले असे म्हटले की त्या दोघांचे पुढे काय झाले, अनाथ मुले, ओस पडलेली घरे आणि वारसा यांची व्यवस्था कशी लागली, हे प्रश्न उभे राहतात. रूढ कथेने पहिला आकडा जपला, कारण तिला दुसरे प्रश्न नको होते.

कथेची घडण :

ईमच्या कथेचा छापील इतिहास पाहिला तर तिचे प्रयोजन काळानुसार बदलत गेलेले दिसते. इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या स्थित्यंतरांचा सविस्तर मागोवा घेतला आहे. १७२० मध्ये फ्रान्समधील मार्से येथे प्लेग उद्भवला, तेव्हा इंग्लंडमध्ये विलगीकरणाच्या कायद्यांवर वाद सुरू होता. त्या वेळी डॉ. रिचर्ड मीड यांनी सरकारसाठी लिहिलेल्या प्लेगविषयक पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत, १७२२ मध्ये, ईमचा दाखला आला. म्हणजे कथेच्या या आरंभीच्या छापील रूपात ती राज्यसंस्थेच्या धोरणाला आधार देण्यासाठी वापरली गेली. गावाची शीव बंद करता येते आणि त्याचा उपयोग होतो, एवढेच तेथे सांगायचे होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉम्पेसन यांची पत्रे छापली गेली आणि कथेचा सूर पालटला. ईममध्येच १७४२ साली जन्मलेल्या कवयित्री ॲना स्यूअर्ड यांचे वडील गावाचे रेक्टर होते. त्यांच्यासारख्या लेखकांच्या दृष्टीने पत्रांतील शोकाकुल पती आणि कर्तव्यनिष्ठ धर्मगुरू हा त्या काळच्या भावनाप्रधान अभिरुचीला अनुरूप असा नायक होता. १८२७ मध्ये विल्यम आणि मेरी हॉविट यांचे 'द डेझोलेशन ऑफ ईम' हे काव्य प्रसिद्ध झाले. १८४२ मध्ये विल्यम वुड यांचे गावाचा इतिहास व पुरावशेष सांगणारे पुस्तक आले. वुड हे ईमचेच रहिवासी होते आणि गावातील वृद्धांच्या तोंडून आलेल्या आख्यायिका त्यांनी जतन केल्या. एमट सिडल आणि शेजारच्या गावातील रोलंड टॉर यांची दुरूनच एकमेकांना पाहणारी प्रेमकथा, तसेच मार्शल हाऊची हकिगत अशा आख्यायिकांच्या प्रसाराला या पुस्तकाचा मोठा हातभार लागला. १८६६ मध्ये द्विशताब्दी साजरी झाली आणि पुढे दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी स्मरणप्रार्थनेची प्रथा रुजली.

या प्रक्रियेत दोन गोष्टी घडल्या. शासकीय उपाय म्हणून आलेली कथा नैतिक आदर्श बनली. आणि त्या आदर्शाचे श्रेय एका व्यक्तीकडे एकवटले. स्टॅन्ली यांच्याविना गावाने तरुण, नव्या रेक्टरचे ऐकले असते का, ही शंका रास्त आहे. तरीही अधिकृत चर्चशी फारकत घेतलेला हा धर्मगुरू कथेत दीर्घकाळ दुय्यमच राहिला.

गावातील खुणांचे वाचन :

ईममध्ये आज दिसणाऱ्या खुणा या वरील लेखनपरंपरेचे चित्रण करणाऱ्या निव्वळ सूचनाफलकांसारख्या वाटू शकतात. परंतु त्यांतील प्रत्येक खूण काही तरी असे सांगते, जे रूढ कथेत नीट बसत नाही.

सेंट लॉरेन्सच्या चर्चच्या आवारात एक कोरीव सॅक्सन क्रूस उभा आहे. तो प्लेगपूर्वी सुमारे आठ शतकांचा आहे. गावाची ओळख चौदा महिन्यांच्या आपत्तीशी जखडली गेल्यामुळे गावाचे हे दीर्घ पूर्वायुष्य झाकोळले गेले आहे, याची ती साक्ष होय. क्रुसाजवळच कॅथरीन मॉम्पेसन हिची कबर आहे. जूनमधील नियमानुसार गावकऱ्यांनी आपली माणसे शेतांत आणि परसात पुरली. रेक्टरच्या पत्नीला मात्र ऑगस्टमध्ये चर्चच्या आवारात जागा मिळाली. स्मरणदिनी या कबरीचा सन्मान केला जातो. मुलांना आधीच यॉर्कशायरला सुरक्षित पाठवून, पतीने आग्रह करूनही तिने गावात राहून रुग्णांची सेवा केली. तिच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि समतेचा मानला गेलेला नियमही सर्वांना समान लागू झाला नव्हता, हे त्या कबरीचे स्थानच सांगते.

चर्चच्या शेजारी 'प्लेग कॉटेज' म्हणून ओळखली जाणारी घरे आहेत. त्यांवर लावलेल्या फलकांत त्या घरात कोण राहत होते आणि कोण मेले यांची नावे आहेत. गावातील सर्व खुणांमध्ये या फलकांचे मोल अधिक आहे. त्यांत उपदेश नाही. नात्यांची आणि नावांची केवळ यादी आहे. हॅडफील्डच्या घरात व्हिकर्सनंतर त्याच घरातील दोन मुले, एडवर्ड आणि जोनाथन कूपर, दगावली. साथ 'गावात' पसरली असे म्हणताना ती एकेका घरात, एकेका चुलीभोवती पसरत गेली, हे या याद्या वाचताना जाणवते.

गावाबाहेर माळावर रायली येथे हँकॉक कुटुंबाची थडगी आहेत. भिंतीच्या लहानशा वर्तुळात ती उभी आहेत. ऑगस्ट १६६६ च्या पहिल्या पंधरवड्यात, आठ दिवसांच्या आत, एलिझाबेथ हँकॉक हिने आपला पती आणि सहा मुले गमावली आणि परंपरेनुसार ती सातही प्रेते तिने एकटीने ओढत नेऊन पुरली. ज्या उपायाचे वर्णन 'घरच्यांनीच दफन करावे' अशा साध्या वाक्यात केले जाते, त्याचा प्रत्यक्ष अर्थ काय होता हे रायलीच्या माळावर कळते. दफनाचा धोका गावाने सर्वांत मिळून उचलला नाही. तो प्रत्येक घरातील शेवटच्या जिवंत माणसावर येऊन पडला, आणि अनेकदा ते माणूस म्हणजे आई असे. मार्शल हाऊ याची आख्यायिका याला पूरक आहे. आजारातून बरा झालेला हा माणूस ज्यांना पुरायला कोणी उरले नव्हते त्यांचे दफन करी आणि मोबदला म्हणून मृताच्या घरातील वस्तू घेई. पुढे त्याची पत्नी आणि मुलगा प्लेगने गेले. आख्यायिका त्यात लोभाची शिक्षा पाहते. परंतु गावाला ज्या कामाची गरज होती आणि जे करण्यास कोणी तयार नव्हते ते काम त्याने केले, या बाजूकडे ती दुर्लक्ष करते.

शिवेवरच्या खुणांकडे वळले असता दिसते की ईम आणि स्टोनी मिडलटन यांच्या दरम्यान छिद्रे असलेला एक दगड आहे, आणि गावाच्या उत्तरेस 'मॉम्पेसनची विहीर' नावाचा झरा आहे. या दोन्ही जागा दोन बाजूंच्या व्यवहाराच्या आहेत. नाणे ठेवणारा हात ईमचा होता, तर भाकरी ठेवणारा हात शेजारच्या गावाचा होता. एका बाजूने निर्धार केला तरी दुसऱ्या बाजूने रोज कोणी तरी त्या दगडापर्यंत आले नसते, तर गावबंदी काही आठवड्यांतच मोडली असती. झऱ्याला रेक्टरचे नाव मिळाले. धान्य वाहून आणणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही दगडाला मिळाली नाहीत. स्टॅन्ली यांचे स्मारकदेखील चर्चच्या आवारात उभे राहण्यास एकोणिसाव्या शतकाचा अखेरचा काळ उजाडावा लागला.

संमती की सक्ती :

ईमच्या गावकऱ्यांनी स्वेच्छेने गाव बंद केले, हा कथेचा गाभा आहे. त्याची तपासणी करताना तत्कालीन कायदा विचारात घ्यावा लागतो. १६०४ च्या प्लेगविषयक कायद्याने बाधित घरे बंद करण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांना दिला होता. अंगावर प्लेगची गाठ असताना बाहेर फिरणाऱ्यास देहदंडाची तरतूदही त्यात होती. बाहेरच्या जगानेही ईमकडे पाठ फिरवलेली होती. ईममध्ये साथ असताना तेथील लोकांना अडविण्यासाठी केलेल्या पहाऱ्याचा खर्च शेफील्डच्या हिशेबात नोंदलेला आहे. टाइड्सवेलच्या बाजारात ईमची म्हणून ओळखल्या गेलेल्या स्त्रीला लोकांनी हाकलून लावल्याची आख्यायिका आहे. खुद्द मॉम्पेसन पुढे नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग येथे गेले, तेव्हा तेथील लोकांनी भीतीपोटी त्यांना काही काळ गावाबाहेर राहावयास लावले, असे सांगितले जाते. ज्यांच्यापाशी साधने होती अशी काही कुटुंबे, आणि रेक्टरची मुलेही, गावबंदीपूर्वी बाहेर गेली होती. खाणकामगार वा शेतमजूर जाऊन जाऊन कोठे जाणार होता?

यावरून गावकऱ्यांची संमती खोटी होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सक्तीच्या चौकटीतही माणसे निवड करीत असतात. रात्रीच्या वेळी डोंगर ओलांडून पळणे अशक्य नव्हते आणि बहुसंख्य लोक राहिले, हेही खरे आहे. त्यांची निवड निर्भय नव्हती, आणि ती पूर्णतः मुक्तही नव्हती. तिचे मोल कमी न करता तिच्या मर्यादा सांगणे हे समीक्षेचे काम आहे. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या निमित्ताने झालेली घरझडती आणि २२ जून रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्या ज्यांच्या सामूहिक स्मृतीत आहेत, त्या मराठी वाचकाला ही मर्यादा वेगळी सांगावी लागत नाही. तेथे संमती कोणी विचारलीच नाही. ईममध्ये ती दोन धर्मगुरूंनी निदान विचारली, आणि तीही गावाचा विश्वास असलेल्या विरोधकाला बरोबर घेऊन. या दोन प्रसंगांतील खरा फरक त्यागाच्या वृत्तीत शोधण्यापेक्षा विचारण्याच्या पद्धतीत शोधला पाहिजे.

साहित्यकृतींमधील ईम :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेखकांनी ही कथा नव्याने हाताळली. डॉन टेलर यांचे 'द रोझेस ऑफ ईम' हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले आणि १९७३ मध्ये बीबीसीने ते दूरचित्रवाणीवर दाखविले. मॉम्पेसन आणि स्टॅन्ली यांच्यातील संघर्षाला त्यात नाट्यमय स्थान मिळाले, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु निर्णयाचे केंद्र त्यातही धर्मगुरूंकडेच राहते. जिल पॅटन वॉल्श यांच्या 'अ पार्सल ऑफ पॅटर्न्स' (१९८३) या किशोरांसाठीच्या कादंबरीत मॉल पर्सिव्हल ही गावातील मुलगी निवेदक आहे. त्यामुळे गावबंदी प्रथमच तिच्या आतून, आवडत्या माणसापासून तुटलेल्या तरुणीच्या दृष्टीतून दिसते.

जेरल्डिन ब्रुक्स यांची 'इयर ऑफ वंडर्स' (२००१) ही कादंबरी याहून पुढे जाते. तिची निवेदक ॲना फ्रिथ ही रेक्टरच्या घरी काम करणारी विधवा आहे. रुग्णांची शुश्रूषा, बाळंतपणे, औषधी वनस्पतींचे ज्ञान, खाणीतील श्रम या सर्व गोष्टी तिच्या निवेदनातून येतात आणि रायलीच्या थडग्यांनी सुचविलेले श्रमाचे जग येथे शब्दरूप घेते. रेक्टरच्या आदर्श प्रतिमेलाही ही कादंबरी धक्का देते. तथापि शेवटी ॲना गाव सोडून समुद्रापार ओरान येथे जाते. नायिकेची मुक्ती गावाबाहेर शोधल्यामुळे, जे जगले आणि त्याच ओस गावात पुन्हा शेती करू लागले त्यांची कथा येथेही सांगितली जात नाही. गावातील ईम हॉल ही वाड्यासारखी वास्तू साथीनंतर अवघ्या पाच-सहा वर्षांत उभी राहिली. गाव संपले नव्हते, असे ती वास्तू सांगते; पण तिच्यासाठी अद्याप कथाकार मिळालेला दिसत नाही.

वैद्यकीय स्पष्टीकरण आणि मुंबई इलाखा :

कापडाच्या गठ्ठ्यातून पिसवा आल्या आणि त्यांनी प्लेग आणला, हे स्पष्टीकरण आज ईममध्ये सर्वत्र ऐकू येते. ते सतराव्या शतकातील नाही. मीड वा वुड यांच्या काळी पिसूची भूमिका ज्ञात नव्हती; कापडात रोगाचे बीज असते एवढीच समजूत होती. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे यर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला. १८९८ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत, पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसूमुळे रोग पसरतो हे प्रयोगाने दाखविले. पुढे १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनाने या सिद्धान्ताला भक्कम आधार मिळाला. म्हणजेच डर्बीशायरमधील या गावाच्या कथेला आज जे शास्त्रीय रूप आहे ते बऱ्याच अंशी मुंबई इलाख्यातील मृतांच्या अभ्यासातून आलेले आहे. ईमच्या कथेत या ऋणाचा उल्लेख क्वचितच होतो.

२०१६ मध्ये व्हिटल्स आणि डिडेलो या संशोधकांनी ईमच्या नोंदींचे संख्याशास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार उंदरांकडून माणसांना झालेला संसर्ग सुमारे एक चतुर्थांशच होता. उरलेला तीन चतुर्थांश माणसाकडून माणसाकडे गेला. हा निष्कर्ष समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका घरात राहून एकमेकांची काळजी घेणे हाच तेथे मोठा धोका होता. शीव बंद ठेवल्याने बाहेरच्यांचे रक्षण झाले असे मानले, तरी आत मरण पसरले ते शुश्रूषेच्या वाटेने. म्हणून ईमच्या कथेतील निर्णायक जागा गावाची शीव आहे तितकाच घराचा उंबरठाही आहे. रूढ कथा शिवेवर थांबते. घरांवरील फलक आणि रायलीची थडगी उंबरठ्याच्या आत नेतात.

निष्कर्ष :

१. ईमच्या त्यागकथेचे तपशील बहुतांशी लोकस्मृतीतून आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील लेखनातून आलेले आहेत. समकालीन पत्रे आणि नोंदवही घटनेला आधार देतात. कथेच्या नाट्यमय रूपाला देत नाहीत.

२. आरंभी शासकीय धोरणाचा दाखला म्हणून आलेली ही कथा पुढे एका धर्मगुरूच्या आदर्शाची कथा बनली. त्यात स्टॅन्ली, शेजारची गावे आणि सामान्य घरे यांचा वाटा कमी लेखला गेला.

३. कॅथरीनची कबर, घरांवरील नामफलक, रायलीची थडगी आणि शिवेवरील दगड यांचे एकत्र वाचन केल्यास त्यागाचा भार असमान होता आणि त्याचा मोठा हिस्सा घरातील स्त्रियांनी व श्रमिकांनी वाहिला, असे दिसून येते.

४. गावकऱ्यांची संमती कायदा, दारिद्र्य आणि बाहेरचा पहारा यांच्या चौकटीत दिलेली होती. ती नाकारणे अन्यायाचे आणि तिला निखळ स्वेच्छा म्हणणे भाबडेपणाचे होईल.

५. आधुनिक ललित साहित्याने निवेदनाचा अधिकार सामान्य स्त्रीकडे आणून मोठी दुरुस्ती केली. परंतु साथीनंतर जगलेल्यांचा इतिहास अद्याप दुर्लक्षित आहे.

साथीच्या काळात समाज आदर्शांची उदाहरणे शोधतो आणि तेव्हा ईमचे नाव घेतले जाते. ते जरूर घ्यावे. मात्र ते घेताना शिवेवर उभ्या असलेल्या धर्मगुरूबरोबरच, आठ दिवसांत सात प्रेते ओढत माळावर नेणाऱ्या एलिझाबेथ हँकॉकचेही नाव घेतले गेले पाहिजे. तिला कोणता पर्याय होता, हा प्रश्न विचारल्यावाचून तिच्या त्यागाचा गौरव पूर्ण होत नाही.